ईस्टरची पीनट बटर अंडी : चॉकलेटवर राखाडी पट्टे का येतात?

शेवंती | २४ मार्च २०२५, रात्री ९:१०

शनिवारी रात्री चोवीस अंडी केली. झोपायला गेले तेव्हा ठीकठाक दिसत होती. सकाळी ट्रे उघडला तर सगळ्यांवर राखाडी पट्टे आणि सात अंड्यांना मधोमध चीर. दोन चिरांमधून तेलाचे थेंबही आले होते. चवीला छान झालीयत, लेकाने उभ्या उभ्या दोन संपवली. पण मला ही लोकांना द्यायची आहेत, म्हणून फोटो टाकून इथे विचारतेय.

थोडं मागचं सांगते. आम्ही पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. इथे लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ सुरू झाला की गावोगावच्या चर्चमध्ये चॉकलेटची अंडी करायला घेतात. आत पीनट बटर, खोबरं नाहीतर नुसतं बटरक्रीम. स्वयंसेवी अग्निशमन दलंही करून विकतात. त्या पैशातून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं, अन्नछत्राला मदत जाते. यंदा ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टरही २० एप्रिललाच आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या ऑर्डरी एकदम आल्यात.

आमच्या शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. चाळीसेक वर्षं त्या चर्चच्या तळघरात हे काम करतायत. गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर दोन सकाळी गेले होते. लांबलचक टेबलं, डोक्याला जाळी बांधलेल्या दहा-बारा बायका. एकजण आइस्क्रीमच्या छोट्या डावाने सारण काढते, दुसरी काट्यावर तोलते, तिसरी वळते. बुडवण्याचं काम फक्त दोघींकडे, तिथे नवख्यांना हात लावू देत नाहीत. वेष्टनाच्या रंगावरून आत काय आहे ते कळतं. यंदा आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जाता आलं नाही. म्हणून मनात आलं, घरीच करून त्यांना डबा न्यावा.

माझं प्रमाण :

पीनट बटर २५५ ग्रॅम (एक कप, नेहमीचं, ज्याचं तेल वेगळं होत नाही ते), लोणी ५७ ग्रॅम (अर्धी स्टिक), आयसिंग शुगर २४० ग्रॅम, व्हॅनिला एक चमचा, मीठ पाव चमचा. वरून ३४० ग्रॅम चॉकलेट. साधारण २२ ग्रॅमचं एक अंडं, पंचवीसेक होतात.

काय चुकलं असेल?

---

नवी_कोरी | २४ मार्च, रात्री ९:३२

फोटो बघून जीव हळहळला गं. चॉकलेट कुठलं घेतलंस आणि वितळवलंस कसं? आणि सारण फ्रीझरमधून काढून थेट बुडवलंस का?

---

शेवंती | २४ मार्च, रात्री ९:४०

हो, तासभर फ्रीझरमध्ये ठेवून लगेच बुडवली, नाहीतर गोळा बुडवायच्या काट्यावरच मोडत होता. चॉकलेट चिप्स होत्या, मावेत (मायक्रोवेव्हमध्ये) वितळवल्या. दाट वाटलं म्हणून चमचाभर खोबरेल घातलं.

---

तापमापक | २५ मार्च, सकाळी ७:०५

शेवंतीताई, मी टोरांटोला चॉकलेटच्याच कामात आहे. तुमच्या प्रतिसादात तिन्ही कारणं आली आहेत. सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी घरी करणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं.

पहिलं कारण गार सारण. गोळा फ्रीझरमध्ये आक्रसलेला असतो. त्यावर चॉकलेट क्षणात घट्ट होतं, मग आतला गोळा खोलीच्या तापमानाला येऊन फुगतो. कवच काही ताणलं जात नाही, ते तडकतं. चीर पडली की शेंगदाण्याचं तेल वाट शोधतंच. गोळे वळून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, पण बुडवण्याआधी बाहेर काढून १८ ते २० अंशांपर्यंत येऊ द्या. हाताला किंचित गार लागावा, त्यावर दव मात्र धरलेलं नको.

दुसरं, पट्टे. चॉकलेटमधलं कोको बटर वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. त्यातल्या एकाच प्रकारच्या स्फटिकांमुळे चकाकी येते आणि तोडताना कटकन आवाज येतो. तो स्फटिक ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणूनच चॉकलेट बोटाला फारसं चिकटत नाही पण जिभेवर विरघळतं. तुम्ही मावेत सगळं वितळवलंत तेव्हा जुने स्फटिक पुसले गेले. नंतर ते वाटेल तसं गोठलं आणि स्निग्धांश पृष्ठभागावर आला. टेंपरिंग म्हणतात ते हेच, चांगले स्फटिक पुन्हा बसवणं.

घरी सोपा मार्ग. ५०० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या, लादी किंवा कव्हर्चर (कवचासाठीचं, जास्त कोको बटरचं चॉकलेट). चिप्स नकोत, त्यांचा आकार भट्टीतही टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी असतं आणि त्या दाटच राहतात. त्यातलं १२५ ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवा. उरलेलं ४५ अंशांपर्यंत वितळवा. खाली उतरवून चिरलेलं थोडं थोडं घालत ढवळा. ३१ ते ३२ अंशांवर आलं की तयार, तुमच्याकडच्या थर्मामीटरवर ८८ ते ९० फॅरेनहाइट. मिल्क चॉकलेट असेल तर २९ ते ३० अंश. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत सुकून चकचकीत दिसलं तरच अंडी बुडवायला घ्या. नाही सुकलं तर आणखी थोडं चिरलेलं घालून ढवळा, घाई करू नका.

तिसरं, खोबरेल. ते कोको बटरशी जमवून घेत नाही, मिश्रण मऊ पडतं. चॉकलेट पातळ करायचं तर कोको बटरच घाला.

आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा नको. थेंबभर पाण्याने वाटीभर चॉकलेटची लापशी होते.

---

सुमनमावशी | २५ मार्च, सकाळी ११:२०

शेवंती, मी चॉकलेटचं काही सांगू शकत नाही, पण दाण्याचे लाडू पन्नास वर्षं वळतेय, म्हणून सारणाबद्दल लिहिते. तुझा फोटो मोठा करून पाहिला. गोळ्यांना तेल सुटलेलं दिसतंय. फार मळलंस का? दाण्याचं कूट जितकं चोळावं तितकं तेल सोडतं, हे पीनट बटरही त्याच जातीचं. साखर घातल्यावर हाताने एकत्र येईपर्यंतच मळ. हात गरम असतील तर गार पाण्याने धुऊन कोरडे कर आणि मग वळ. तरी ओलसर वाटलं तर दोन चमचे दूध पावडर भुरभुरव, तेल धरून ठेवते.

घरचं पीनट बटर घेणार असशील तर दाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं पाखड, आणि कडू, सुरकुतलेला, काळवंडलेला एकेक दाणा निवडून टाक. एका खवट दाण्याने सगळा घाणा बिघडतो. मात्र घरच्याचं तेल वर तरंगतं. ते आधी निथळून घे.

---

ओहायोची_सून | २५ मार्च, दुपारी १:४५

आम्ही कोलंबसला. इथे हेच सारण गोल वळून चॉकलेटमध्ये बुडवतात, पण वरचा रुपयाएवढा भाग उघडा ठेवतात. बकआय नावाच्या झाडाचं बी तसंच दिसतं, तपकिरी आणि वर फिकट डोळा. ते राज्याचं झाड, म्हणून खाऊलाही तेच नाव. नाताळ आणि फुटबॉलच्या दिवसांत घरोघरी होतात.

माझा अनुभव असा की बकआयला कधी चीर पडत नाही. वर जागा मोकळी असते, सारण फुगलं तरी फुगू दे. पहिल्यांदा करणाऱ्याने बकआयवर हात बसवावा आणि मग अंड्यांकडे वळावं. टूथपिकने बुडवलं तर वरचं भोक बोटाने लगेच बुजव, तेल तिथूनच येतं.

---

कोथरूडकर | २५ मार्च, दुपारी ३:१०

तापमापक, तुमची माहिती अप्रतिम आहे, वाचनखूण साठवली. पण पुण्यातून एक वेगळी बाजू मांडतो. मी ईस्टरला सोसायटीतल्या मुलांसाठी करतो. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ३८-३९, एसी नसलेल्या स्वयंपाकघरात ३३-३४. तिथे खरं चॉकलेट टेंपर होणार कसं? मी सरळ कंपाउंडची लादी वापरतो. कोको बटरऐवजी त्यात वनस्पती तेलापासूनचा घट्ट स्निग्धांश असतो, टेंपर करावं लागत नाही. वितळव, बुडव, फ्रीजमध्ये दहा मिनिटं. चकाकी येते, पट्टे नाहीत. शेवंती, तू सांगतेस त्या चर्चमध्येसुद्धा बहुधा असंच काही वापरत असतील, नाहीतर एका सकाळी एवढी अंडी कशी व्हायची?

---

शेवंती | २५ मार्च, संध्याकाळी ६:३०

बरोबर, आजींना फोन करून विचारलं. चर्चमध्ये कोटिंगच्या चकत्याच घेतात, म्हणजे कंपाउंडच. त्यांच्या तरुणपणी खरं चॉकलेट घेऊन त्यात पॅराफिन किसून घालायचे, खाण्याच्या प्रतीचं मेण. चकाकी यायची आणि हातात वितळायचं नाही. आता कुणी घालत नाही. त्या म्हणाल्या, "मेणाचं अंडं खाल्लं की दातांवर थर बसायचा, मला ते कधीच आवडलं नाही."

---

तापमापक | २५ मार्च, रात्री ८:१५

कोथरूडकर, ३४ अंशांच्या खोलीत कंपाउंडच घ्यावं, यात वाद नाही. पण जिथे खोली २० अंशांवर ठेवता येते तिथे मी खऱ्या चॉकलेटचाच आग्रह धरीन. पीनट बटर खारट, तुपकट आणि गोड. त्याला तोडीस तोड म्हणून कोकोचा कडवटपणा लागतो आणि कवच जिभेवर पूर्ण विरघळावं लागतं. कंपाउंडचा स्निग्धांश तोंडात थोडा रेंगाळतो. खोबऱ्याच्या सारणाला ते चालून जातं, पीनट बटरला मला तरी नाही चालत. एकात दुसरं मिसळून मधला मार्ग मात्र काढू नका. दोन्ही स्निग्धांश एकमेकांना बिघडवतात, कवच मऊ पडतं आणि पुन्हा पट्टे येतात.

---

कोथरूडकर | २५ मार्च, रात्री ८:५०

पटलं. भावाचाही विचार करावा लागतो हो. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता, पश्चिम आफ्रिकेतलं पीक सलग बिघडल्यामुळे. पन्नास मुलांसाठी खरं चॉकलेट परवडत नाही. यंदा दहा अंडी एसीच्या खोलीत खऱ्या चॉकलेटची करतो आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच चाखायला देतो.

---

वसईकरीण | २६ मार्च, सकाळी १०:००

धागा वाचून माहेरची आठवण आली. आमच्याकडे राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की घरात गोडधोड बंद. मग झावळ्यांचा रविवार उलटला की आई काजू भिजत घालायची. आमची ईस्टरची अंडी काजूच्या मार्झिपानची. काजू वाटून तेवढीच साखर, एका अंड्याचं पांढरं आणि गुलाबपाणी. मंद आचेवर घोटत राहायचं, गोळ्याने कडा सोडल्या की उतरवायचं. कोमट असतानाच अर्ध्या-अर्ध्या साच्यात दाबून दोन भाग जोडायचे आणि जोडावर आयसिंगची वेल काढायची. प्रत्येक भावंडाचं नाव त्याच्या अंड्यावर. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यातही मार्झिपानची अंडी असतात, तिथल्या बेकऱ्यांतही मिळतात.

आता मी न्यू जर्सीत आहे. गेल्या वर्षी मार्झिपान वळून त्याला डार्क चॉकलेटचं कवच दिलं. मार्झिपानमध्ये तेल सुटण्याचा त्रास कमी, म्हणून टेंपरिंग शिकायला ते सोपं पडलं. पण अंड्याचं पांढरं नीट शिजलं पाहिजे, हे नव्याने करणाऱ्यांनी विसरू नये.

आणि शेवंती, आजींना अंडी पुनरुत्थानाच्या रविवारीच दे. उपवासकाळात वर्ज्य केलं असेल तर त्या खाणार नाहीत, नुसता डबा समोर राहील.

---

शेवंती | २६ मार्च, सकाळी १०:२०

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चर्चमधल्या बायका चाळीस दिवस चॉकलेट वळतात, पण त्यांच्यातल्या कित्येकजणी स्वतः तोंडात टाकत नाहीत, हे मी पाहिलं होतं. धन्यवाद गं.

---

मीठमोहोर | २६ मार्च, दुपारी १२:३५

माझी विनंती आहे, सगळ्यांनी वाचा. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तो चार वर्षांचा असताना एका ओळखीच्या घरी अंडी शोधायच्या खेळात त्याला घरी केलेलं चॉकलेटचं अंडं मिळालं. सुंदर रंगीत कागद, वर काहीच लिहिलेलं नाही. एक घास खाल्ला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली. इंजेक्शन पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. देणाऱ्यांच्या मनात फक्त प्रेम होतं, पण घरच्या खाऊवर काय लिहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक अंड्याच्या कागदावर "शेंगदाणा" हा शब्द लिहा, फक्त डब्यावर नको, कारण डबा घरीच राहतो. शाळेत, पाळणाघरात, बागेतल्या खेळात ही अंडी नकोतच. दोन्ही प्रकार करणार असाल तर बिनशेंगदाण्याची आधी करा, वेगळी पातेली, वेगळा काटा. पीनट बटरचा गोळा एकदा चॉकलेटमध्ये बुडला की ते सगळं चॉकलेट आमच्यासाठी संपलं.

आमच्या घरी सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच प्रमाणात वापरते. किंचित कडसर असतं, मीठ आणि व्हॅनिला थोडं वाढवते. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि बुडवायचं काम तोच करतो.

---

सुमनमावशी | २६ मार्च, दुपारी २:००

बाई गं, वाचून काळजात चर्र झालं. मी आजवर किती मुलांच्या हातावर दाण्याचा लाडू न विचारता ठेवला असेल. यापुढे आधी विचारीन. लेकराला माझा आशीर्वाद सांग.

---

ओहायोची_सून | २६ मार्च, रात्री ९:१५

शेवंती, तू हॅरिसबर्गजवळ म्हणजे हर्शी गाव, त्याच नावाच्या चॉकलेट कंपनीचं, तुझ्या शेजारीच. चॉकलेट आणि पीनट बटरची जोडी घरोघरी पोचली ती तिथूनच. रीस नावाचे गृहस्थ हर्शीच्या डेअरी फार्मवर कामाला होते. सोळा मुलांचा संसार. जोडधंदा म्हणून घराच्या तळघरात गोळ्या-चॉकलेटं करायला लागले. पीनट बटर कप १९२८ मधला, आणि वरचं चॉकलेट हर्शीचंच घ्यायचे. १९५६ मध्ये ते गेले, १९६३ मध्ये मुलांनी कंपनी हर्शीत विलीन केली. दुकानातलं पीनट बटरचं अंडं त्यानंतरचं. त्या भागातल्या चर्चमध्ये हाच खाऊ रुजला, यात मला नवल वाटत नाही. चॉकलेट हाताशी होतं, करणारे हात होते.

---

शेवंती | १४ एप्रिल, रात्री १०:४०

दुसरा घाणा काल केला. तपशील देते, कुणाला उपयोग होईल.

थर्मोस्टॅट १९ वर आणला, नवऱ्याने घरात स्वेटर घातला. गोळे मावशींनी सांगितलं तसे कमी मळून वळले. फ्रीजमधून काढून ठेवले आणि तोवर चॉकलेट टेंपर केलं. चिरलेलं घालून ढवळायला तब्बल पंचवीस मिनिटं लागली. ३५ अंशांपर्यंत पटकन आलं, मग प्रत्येक अंश हट्टाने उतरत होता. ३२ ला सुरी बुडवली, पाच मिनिटांत आरशासारखी. जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

फोनवर आजींनी एक गोष्ट सांगितली होती. बुडवण्याआधी प्रत्येक गोळ्याच्या तळाला बोटाने चॉकलेटचा पातळ हात फिरवायचा आणि सुकू द्यायचं. मग अंडं काट्यावर बसतं, रुतत नाही, आणि तळाला सुईएवढंही भोक राहत नाही. बुडवून वर काढलं की काटा भांड्याच्या काठावर चार-पाच वेळा हलके आपटायचा, वरची लाट सपाट होते. मग काट्याचा तळ काठावर पुसून अंडं बटरपेपरवर सरकवायचं. तेरावं-चौदावं अंडं होईपर्यंत हाताला ते वजन कळायला लागलं.

सव्वीस झाली. चोवीस तास उलटले, एकही पट्टा नाही, चीर नाही. शेवटच्या चारांखाली चॉकलेट पसरून पायघोळ झालंय, तोवर भांड्यातलं घट्ट व्हायला लागलं होतं. प्रत्येकाच्या कागदावर "शेंगदाणा" लिहिलंय, मराठी आणि इंग्रजीत.

---

तापमापक | १५ एप्रिल, सकाळी ६:५०

फोटो पाहिला. फार सुंदर, शेवंतीताई. तो तळाचा पातळ हात आमच्या कामातही देतात. भांड्यातलं घट्ट व्हायला लागलं की हेअर ड्रायरची ऊब बाहेरून दहा-पंधरा सेकंद द्या, ढवळा, पुन्हा मोजा. ३३ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

---

शेवंती | २० एप्रिल, संध्याकाळी ७:२५

सर्वांना ईस्टरच्या शुभेच्छा. आजींकडे दुपारी डबा दिला. त्यांनी पहिलं अंडं उचललं, उलटं केलं, चष्मा लावून तळ पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग सुरीने मधोमध कापलं, कटकन आवाज आला. अर्धं स्वतः घेतलं, अर्धं मला दिलं. किती अंशांवर बुडवलंस ते विचारून वहीत लिहून घेतलं. त्या वहीत पॅराफिनची कृतीसुद्धा अजून आहे, वर पेन्सिलने काट मारलेली.

पुढच्या लेंटमध्ये मंगळवारी सकाळी सातला तळघरात यायला सांगितलंय. बुडवायच्या टेबलावर.

---

वसईकरीण | २० एप्रिल, रात्री ८:१०

बुडवायच्या टेबलावर! अभिनंदन गं, आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या शुभेच्छा.

---

नवी_कोरी | २१ एप्रिल, सकाळी ९:३०

अभिनंदन शेवंती! मी काल तुझ्या प्रमाणाने सारण करून ठेवलं, पण चॉकलेटला वेळच मिळाला नाही. फ्रीजमध्ये किती दिवस राहील?

---

शेवंती | २१ एप्रिल, सकाळी ९:४५

घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर खुशाल. आणखी ठेवायचं तर गोळे वळून फ्रीझरमध्ये टाक. बुडवायच्या आदल्या रात्री ते खाली फ्रीजमध्ये उतरव, सकाळी बाहेर काढ, आणि डब्याचं झाकण गोळे खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघड, म्हणजे दव डब्याला बाहेरून धरेल, गोळ्यांना नाही.